सातशे चाळीस किलोमीटर

मोबाइलवर जबलपूर ते काठमांडू असं टाकलं की लगेच उत्तर येतं : सातशे चाळीस किलोमीटर, विमानाने एक तास पंचवीस मिनिटं. हे लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, ते विमान उडतं कुठून?

पुंडलिकनेही विचारलं नाही. तोफांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मापं तपासून रिटायर झालेला माणूस. जबलपुरातल्या चेरीतालच्या घरी त्याने नकाशाचं पुस्तक काढलं, फुटपट्टी ठेवली, गुणाकार केला. सातशे चाळीसच. "माप बरोबर आहे," तो बायकोला म्हणाला. मापाची खात्री झाली की असल्या माणसांना जगाची खात्री होते.

लेक हर्षा काठमांडूला, सातवा महिना, डॉक्टरने प्रवास बंद केलेला. ओटी भरायला आईनेच जायचं होतं. आणि आई, म्हणजे अंजनी, लिफ्टमध्येही घाबरते. तरी म्हणाली, दीड तास डोळे मिटून काढीन. हिरवी साडी आणली. लेकीला फोन केला, "सकाळी दहाला निघतो, जेवायला तुझ्याकडेच."

मग पुंडलिक तिकीट काढायला सराफ्याजवळच्या दुकानात गेला.

"अंकल जी, सीधी फ्लाइट है ही नहीं. दिल्ली जाइए, वहाँ सात घंटे बैठिए, फिर दूसरी."

घरून निघून लेकीच्या दारात पोचायला तेरा तास.

स्कूटर घेऊन तो दोन चकरा उगाच फिरला. बायकोला म्हणावं, मध्ये थोडं थांबतं. एवढं तर सगळेच नवरे दडपतात. कारखान्यात सूतभर चुकीच्या मापासाठी साहेबांशी भांडतात आणि घरी बायकोला वाटेल ते सांगतात. पुंडलिकला ते जमलं नाही. हेल्मेट न काढताच तो स्वयंपाकघरात उभा राहिला.

"दोन विमानं आहेत. मध्ये दिल्लीला सात तास."

अंजनी पोहे निवडत होती. "डोक्यावरचं काढा आधी."

त्याने काढलं.

"म्हणजे दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं?"

"हो. तुला झेपत नसेल तर मी एकटा जातो."

"अच्छा. अन् ओटी तुम्ही भरणार?"

तिने ताट बाजूला सारलं.

"सात तास करायचं काय तिथे?"

"काही नाही. खुर्च्या असतात. बसायचं."

"तुम्ही पण बसून राहाल?"

"मग मी कुठे जाऊन राहिलो?"

"तसं नाही. आधी शिफ्ट, मग ओव्हरटाइम, आता ते तुमचं मंडळ. माझ्यापाशी सात तास सलग बसले कधी तुम्ही?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. हर्षा झाली तेव्हाही तो दुपारपाळीला गेला होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग काढा तिकीट. खिडकीची जागा नको. अन् दिल्लीत तो मोबाइल खिशातून काढायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते."