एका रेघेतली भोके

मित्रांनो, मी एक जुने, स्वस्तातले एअर पिस्तूल आहे. नाव ऐकून दचकू नका. माझ्या पोटात दारूगोळा नाही. एक स्प्रिंग, तिच्यापुढे कातड्याची चकती लावलेला दट्ट्या आणि मूठभर हवा, एवढाच माझा संसार. नळी खाली वाकवली की स्प्रिंग आवळली जाते. घोडा दाबला की दट्ट्या हवेला रेटतो आणि हवा शिशाच्या छर्‍याला दहा मीटरवरच्या कागदापर्यंत पोचवते. कागदाला भोक पाडणे, याहून मोठा पराक्रम माझ्या नशिबी नाही.

कारखान्यात माझ्यासारखी शेकडो पिस्तुले एकाच साच्यातून निघत. माझी मूठ प्लॅस्टिकची, घोडा जड. दुकानात महागड्या पिस्तुलांना काचेचे कपाट होते आणि मी खालच्या फळीवर खोक्यात पडून असे. ‘शिकाऊ माणसाला बरं आहे,’ एवढीच काय ती माझी स्तुती. कोणी ते वाईट मनाने म्हणत नसे, तरी मला लागायचे.

मला विकत घेतले ते एका घड्याळ दुरुस्त करणार्‍या गृहस्थांनी. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. तीस वर्षे डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढे स्क्रू बसवणारा त्यांचा हात लांबलेल्या तापानंतर थरथरू लागला होता. चिमट्यातून स्क्रू निसटायचा आणि काका फरशीवर गुडघे टेकून तो शोधत बसायचे. गिर्‍हाइकांसमोर असे होऊ लागले, तेव्हा त्यांनी बारीक काम घेणेच सोडले. नुसते पट्टे आणि सेल बदलून देत. महिनाभरात हात ताळ्यावर आला नाही, तर दुकान विकून टाकायचे, असे त्यांनी काकूंना सांगून ठेवले होते. डॉक्टरांनी हात स्थिर धरण्याचा सराव सुचवला होता आणि नेमबाजीचा वर्ग गल्लीच्या तोंडाशीच होता.

वर्गातल्या सरांनी पहिल्या दिवशी काकांना छर्रा घालूच दिला नाही. नळी नेहमी लक्ष्याकडे, बोट घोड्यापासून दूर. पाय कसे रोवायचे, हात सावकाश कसा उचलायचा, नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या उंचवट्यावर, कशी ठेवायची, एवढेच शिकवले. जाताना ते सगळ्या वर्गाला म्हणाले, “घरी रिकामा सराव करा. छर्रा न घालता घोडा दाबायचा, रोज शंभर वेळा.”

इतरांच्या महागड्या पिस्तुलांना अशा सरावाची सोय होती. माझी जात वेगळी. नळीत छर्रा असला की हवा क्षणभर अडते आणि धावत्या दट्ट्याला तिची गादी मिळते. छर्रा नसला की दट्ट्या थेट माझ्या पोटातल्या पुढच्या भिंतीवर आदळतो. सरांच्या हे लक्षात राहिले नाही आणि काकांना ते ठाऊकच नव्हते.

रोज दुपारी दुकानाचे दार लोटून काका भिंतीवरच्या ठिपक्यावर मला रोखत. शंभर म्हणजे शंभर. एकही कमी नाही. प्रत्येक ठोक्याला माझ्या पोटातली चकती फाटत चालली होती. स्प्रिंगांच्या संगतीत जन्म काढलेल्या माणसाला माझा बदललेला आवाज ऐकू येऊ नये, याचे मला आजही वाईट वाटते. पण ते स्वतःच्या हाताकडे इतके बघत होते की कानांना सवडच नव्हती.

तिसर्‍या आठवड्यात फाटक्या चकतीतून हवा निसटू लागली आणि छर्रे कागदावर नेमाच्या खाली लागू लागले. पाचव्या छर्‍याहून सहावा खाली, त्याहून सातवा. काका कागद घडी करून खिशात ठेवत आणि मुकाट घरी येत. महिना संपला त्या दिवशी त्यांनी भिंग फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आणि दुकान घेऊ पाहणार्‍या माणसाला उद्या या म्हणून निरोप धाडला. मग मला आणि शेवटचा कागद घेऊन ते सरांचा निरोप घ्यायला गेले.

“येतो सर. हात गेला माझा,” काका म्हणाले.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“काका, हात हलला असता तर भोकं चारी दिशांना विखुरली असती,” ते म्हणाले. “ही बघा, सगळी एका रेघेत खाली उतरलीत. डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत. हा हात थरथरणारा नाही.”

मग त्यांनी मला उचलले आणि स्वतः पाच छर्रे सोडले. तेही खालीच पडले. घरी सराव कसा करता, असे त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“चूक माझी आहे. तुमचं पिस्तूल कुठल्या जातीचं, ते मी आधी बघायला हवं होतं.”

काका कागदाकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

संध्याकाळी त्यांनी दुकानाच्या मेजावर मला उघडले. चकतीच्या चिंध्या बाहेर निघाल्या. काकांनी डब्यातले भिंग काढून डोळ्याला लावले, जुन्या पट्ट्यांच्या खोक्यातून एक जाड कातडी पट्टा निवडला आणि त्यातून नवी चकती कापली. तेल दिले, स्प्रिंग बसवली, एकेक स्क्रू जागी लावला. काकू दारात उभ्या होत्या. शेवटचा स्क्रू बसला, तशा त्या आत आल्या. एकही स्क्रू खाली पडला नव्हता.

“उद्या तो माणूस आला, तर काय सांगायचं त्याला?” त्यांनी विचारले.

“सांग, दुकान चालू आहे.”

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग थकली आहे आणि मी त्या मेजाच्या खणात पडून असते. पोटात अजून घड्याळाच्या पट्ट्याचे कातडे आहे. तुमच्या हाती एखादी साधी, स्वस्तातली वस्तू आली, तर तिला राबवण्याआधी तिला काय सोसते ते विचारा. आणि नेम चुकू लागला, तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. आधी कागद उजेडात धरून बघा.