तीनपावलीतली थांबायची जागा

मूल गावात धानगिरण्यांच्या मागच्या मोहल्ल्यात नूर मोहम्मदचा बँड होता. वरात येताना तो सिनेमाची गाणी वाजवायचा, जेवणावळी उठताना सिनेमाचीच. पण एक धून अशी होती, जी फक्त पोरीला सासरच्या वाटेला लावताना वाजायची. पोरगी ओसरी उतरली की नूर मोहम्मद क्लॅरोनेट ओठाला लावायचा आणि तीनपावली सुरू व्हायची.

ही धून त्याच्या अब्बांनी कामठीच्या पलटणीतून आणलेली. अब्बा पलटणीच्या बँडात होते. समुद्रापलीकडच्या साहेब-मडमांच्या नाचाची ती धून, कोण्या जमान्यातली. साहेब गेले, मडमा गेल्या, धून मूलमध्येच राहून गेली. परातीत ठेवलेल्या धानासारखी तिला इथली हवा लागली. तिच्या तीन ठोक्यांवर मोहल्ल्यातल्या बायांनी शब्द बसवले:

एक पाऊल मायचं, दुसरं पाऊल वाटचं,
तिसरं पाऊल कोनाचं, सांगून देजो पाखरा.

‘कोनाचं’ म्हणून झालं की अख्खा बँड थांबायचा. आधी मोठ्या ढोलाची काठी वर उचलली जायची, मग बाकीचे गप्प. तेवढ्या उसंतीत पोरगी मागं वळायची, घर डोळाभर पाहून घ्यायची. मग ढोलाचा ठोका पडायचा, बाया पाखराला विचारायच्या आणि पोरीचं पाऊल पुढं पडायचं. नूरच्या तिन्ही बहिणी अशाच गेल्या, गल्लीपलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या पोरीही अशाच गेल्या.

तो मोठा ढोल लहानूचा. लहानू आणि नूर मोहम्मद जवानीपासून एका बँडात. लहानूची सून पोर पदरात टाकून लवकर गेली, तेव्हापासून नात हर्षा आजी-आजोबांच्या कुशीत वाढली. लहानू तिला ढोलावर बसवून म्हणायचा, तुह्या लग्नात मी असा थांबीन का लोक म्हनतीन, बुढा झोपला. तुहं मन भरत नाई तोवर काठी खाली येनार नाई.

मागल्या पावसाळ्यात लहानू गेला. हर्षाचं लग्न वैशाखात ठरलं, चामोर्शीकडच्या पोराशी.

इकडं नूर मोहम्मदचे समोरचे दात पडले होते. दात नसले की क्लॅरोनेटवर ओठ धरत नाही. क्लॅरोनेट मुलाकडं गेलं, नदीमकडं, आणि नदीम होता जिवाला लावून घेणारा. वाद्याच्या भोकांवर बसणाऱ्या गाद्या बदलायला तो नागपूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेला आणि वाजवून पाहावं म्हणून त्यानं तीनपावलीच वाजवली. म्हातारा कान टवकारून ऐकत होता. ‘कोनाचं’पाशी नदीम थांबला, तसा तो खो खो हसला. इथं काय डुलकी लागते का तुम्हाले, म्हणाला. मग त्यानं ट्रंकेतून त्या धुनेच्या सुरांचे छापील कागद काढले, झेरॉक्स करून दिले, वर एक कॅसेट दिली. फार जुन्या तबकडीवरून भरलेली.

घरी येऊन नदीमनं ती कॅसेट अब्बांसमोर लावली. खरखर आली, आणि खरखरीतून पन्नासेक व्हायोलिनं एकदम उठली. नूर मोहम्मद बाजेवर ताठ बसला. त्याची धून एवढ्या मोठ्या घरची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

नदीम उत्साहानं समजावत होता. आपण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आपला दुसरा ठोका जरासा आधी पडतो, हे सगळं त्याला आजवर गावठी वाटत होतं. पण ही जुनी माणसंही तशीच घसरत होती, तशीच डुलत होती. आताचे लोक तसं वाजवत नाहीत, असं नागपूरचा म्हातारा म्हणाला होता. म्हणजे दादाजाननं, अब्बांच्या अब्बांनी, जे आणलं ते खरं होतं.

“फक्त ते थांबनं नाई याच्यात,” नदीम म्हणाला. “कागदावर नाई, कॅसेटीत बी नाई. तेवढी एक चूक हाय अब्बा. ते काढून टाकू.”

नूर मोहम्मदनं कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी अंगणात तालीम झाली. लहानूच्या जागी आता पत्रू ढोल वाजवायचा; त्याला नदीमनं ताकीद दिली, काठी उचलायची नाही. तीनपावली सुरू झाली आणि ‘कोनाचं’वरून सरळ पाखरावर गेली. ऐकायला गोड, निवडलेल्या तांदळासारखी साफ.

गल्लीपलीकडं बायनाबाई लग्नाच्या पापडांवरचं फडकं काढत होती. लहानूची बायको ती, चाळीस वर्षं ही धून ऐकलेली. तिचे हात थांबले. बँड थांबला नव्हता म्हणून थांबले. ती पदर खोचून तशीच आली आणि नूर मोहम्मदच्या बाजेच्या पायथ्याशी बसली. कोणी पाणी दिलं, ते प्याली.

“नूरभाऊ,” ती म्हणाली, “ते जागा कुठी गेली?”

नदीमनं पुढं होऊन कागद दाखवले. काकी, हे पाहा, असंच लिहिलं आहे, आम्हीच इतके दिवस चुकत होतो, असं तो अदबीनं सांगत राहिला. बायनाबाईनं त्या काळ्या मुंग्यांच्या रांगांकडं पाहिलं.

“लिवनाऱ्यानं कधी पोरगी वाटेले लावली होती काय रे, बापू?”

पत्रू हसला, आणि नदीमकडं पाहून ढोलाची दोरी आवळू लागला. बायनाबाई भांडायला आली नव्हती. हर्षाच्या आजोबानं पोरीला शब्द दिला होता, तेवढं तिनं सांगितलं. तो गेला तर गेला, पण निदान जागा राहील असं तिला वाटलं होतं.

तेव्हा नूर मोहम्मद बोलला.

“पोरगा खोटं बोलत नाई, वहिनी. चूकच हाय ते.”

मग त्यानं सांगितलं. अब्बांच्या क्लॅरोनेटला एक पितळी चिमटा होता. त्यात पोस्टकार्डाएवढा कागद अडकवून ते चालता चालता वाचून वाजवायचे. तीनपावली कागदाच्या एका अंगावर मावत नव्हती. ‘कोनाचं’पाशी पहिलं अंग संपायचं. अब्बा एका हातानं कागद पलटायचे, तोवर मागचे सगळे उभे. पुढं कागद कसरीनं खाल्ला. धून तोंडपाठ होती, थांबणंही तिच्यासंगं तोंडपाठ झालं.

नदीमला आधी हसू आलं, मग ते कुठं ठेवावं ते कळेना. आपल्या अब्बांना इतकी वर्षं हे ठाऊक होतं.

“म्हंजे आमी सगळ्या कागदासाठी थांबलो?” बायनाबाईनं विचारलं.

“कागदासाठी अब्बा थांबे,” नूर मोहम्मद म्हणाला. “तुमी घर पाहासाठी थांबल्या.”

बायनाबाई उठली. पापडांवर कावळे बसतील म्हणाली आणि गेली. नदीमनं त्या दिवशी पुन्हा तालीम घेतली नाही. कागद गुडघ्यावर ठेवून तो नुसताच बसून राहिला. त्याला खरं वाजवायचं होतं. आता समोर खऱ्या गोष्टी दोन होत्या आणि दोन्ही घरच्याच.

लग्न सकाळीच लागलं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. ऊन कलल्यावर चामोर्शीची जीप फुलांच्या माळा लावून दारात उभी राहिली. नूर मोहम्मद भिंतीच्या सावलीत पाहुण्यासारखा बसला होता. नदीम त्याच्याकडं आला. क्लॅरोनेटला त्यानं चिमटा लावला होता, चिमट्यात झेरॉक्सचा कापलेला तुकडा. ‘कोनाचं’च्या डोक्यावर पेन्सिलीनं काढलेली एक खूण होती, अर्धा चंद्र आणि त्याखाली टिंब. अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी.

नूर मोहम्मदनं बोट ठेवलं. हे काय?

“थांबाची खून. नागपूरच्या बुढ्यानं शिकवली. किती थांबाचं ते लिवत नाईत. वाजवनाऱ्यावर सोडते.” नदीमनं पत्रूच्या गळ्यातला ढोल काढून अब्बांच्या गळ्यात घातला. “तुमाले फुकता येत नाई. काठी तर उचलता येते नं?”

पत्रूनं न सांगता झांजा उचलल्या.

हर्षा ओसरी उतरली. तीनपावली घसरत, डुलत निघाली. बाया गात होत्या. एक पाऊल मायचं. दुसरं पाऊल वाटचं. तिसरं पाऊल कोनाचं—

नूर मोहम्मदची काठी वर गेली. सगळं गप्प झालं.

हर्षा वळली. तिनं ओसरी पाहिली, ढोल टांगायची रिकामी खुंटी पाहिली, पांढऱ्या लुगड्यातली आजी पाहिली. जीपवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, बाजा बंद पडला का? कोणी त्याच्याकडं पाहिलं नाही. नदीम श्वास कोंडून उभा होता, ओठ क्लॅरोनेटला लावलेले. वराकडचे एकमेकांकडं पाहू लागले. नूर मोहम्मद बँडाकडं पाहतच नव्हता, तो बायनाबाईकडं पाहत होता. उचललेला हात खाली झुकू लागला, तो त्यानं दुसऱ्या हातानं सावरला.

बायनाबाई नातीकडं पाहत राहिली, मग काठीकडं.

“ठोका आता, नूरभाऊ,” ती हळू म्हणाली. “हात दुखन तुमचा.”