पहिलं दार

"रुखमा, मी नसलो तरी त्या दिवशी वस्ती झोपली राहू देजो नको. एकही दार सोडजो नको."

हे सांगताना मोहनसिंगचा निम्मा आवाज खोकल्यानेच खाल्ला होता. रुखमाबाईने "हो" म्हटलं, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा नवरा देवाघरी गेला.

त्याचा धडधाकट आवाज काय सांगावा. आसेगावजवळच्या त्या वस्तीत चार घरं ख्रिस्ती, बाकी सगळी हिंदू. ईस्टरला, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, फटफटायच्या आधी तो रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि गर्जायचा, "प्रभू उठला आहे!" ख्रिस्ती घरांतून उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे." शेजारच्या सोजरबाईच्या घरातून यायचं, "तो उठला अन् आमालेबी उठवलं. ये आता च्या घ्याले." म्हशी उभ्या राहायच्या, कुत्री भुंकायची, आणि कोंबड्यांना त्या दिवशी कोणी विचारायचं नाही.

रुखमाबाईचा आवाज तसा नव्हता. चुलीत काडी घालण्याआधी एक स्तोत्र वाचायचं हा तिचा नेम, तेही इतकं हळू, की मोहनसिंग म्हणायचा, "देवाले कान लावून बसा लागत असन." तो गेल्यावरही नेम मोडला नाही. फक्त वाचता वाचता ती मध्येच थांबायची, कोणी थट्टा करतं का म्हणून. एक दिवस मोहनसिंगही उठणार, याची तिला शंका नव्हती. तोवर घर फार शांत होतं, एवढंच.

खरी अडचण आवाजाची नव्हतीच. सोजरबाईच्या मुलाचं, नवीनचं, लग्न निघालं होतं आणि त्याची हळद नेमकी त्याच रविवारी होती. मंगलकार्याच्या घरी भल्या पहाटे विधवेचं तोंड दिसू नये, हे तिच्या देवाने कधी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं होतं. आणि आईचं सांगणं हाडात राहतं. ते दार सोडावं तर शब्द मोडतो. जावं तर लेकराच्या हळदीला अपशकुन.

शनिवारी ती अंगणात उकडलेली हळकुंडं उलटीपालटी करत होती, तेवढ्यात सोजरबाईच टोपली घेऊन आली.

"चांगली जाडजूड निवडून दे. नवरदेवाले तुह्याच वावरातली लावाची हाय. अन् उद्या कोण उठवते आमाले?"

रुखमाबाई खाली पाहत म्हणाली, "बाकीच्या घरी जाईन मी. तुह्या घरी संध्याकाळी येईन."

"संध्याकाळी काहून? तवालोक नवीनले झोपू देऊ काय?"

"समजून घे, सोजर. पहाटे पहाटे माहं तोंड..."

सोजरबाईने टोपली खाली ठेवली. "तुह्या बुवानं इतके साल माही झोप मोडली. सारी गोष्ट पाठ झाली मले. त्या येशूच्या कबरीवर पहिले कोण गेलतं?"

"बाया."

"हासत गेलत्या काय?"

"नाही. रडत."

"अन् तो उठल्याची बातमी कोणं आणली?"

रुखमाबाई हातातलं हळकुंड चोळू लागली.

"मंग? देवाले त्यायचं तोंड चाललं, अन् मले तुह्यं चालत नाही, असी मी कोण मोठी लागून गेली? पहिले माह्या दाराशी ये. वरडता येत नसन तं कडी वाजव."

रुखमाबाईने डोळे पुसले ते हळदीच्याच हातांनी. दोन्ही गाल पिवळे झाले.

"घ्या," सोजरबाई म्हणाली, "नवरदेव राह्यला बाजूले, हळद हिलेच लागली."

मग मात्र रुखमाबाईला हसू आलं. आधी पदराआड, मग मोकळं. मोहनसिंग गेल्यापासून त्या अंगणात कोणी असं हसलं नव्हतं. दोघी हळकुंडांच्या ढिगाशेजारी बसून पोट धरून हसल्या. निवडायचं राहूनच गेलं.

रविवारी ती अंधारातच उठली. स्तोत्र वाचलं, आणि आज ते स्वतःच्या कानांना नीट ऐकू आलं. चूल तशीच ठेवली. चहा शेजारी मिळणार होता. गालावरची हळद पुरती गेली नव्हती. ती तिने राहू दिली.

मोहनसिंग जिथे उभा राहायचा, तिथवर ती आली आणि जरा थांबली. इथून तिचा आवाज कोणाच्याच घरात पोचला नसता. तिला दाराशी जावं लागणार होतं, एकेका दाराशी.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मनातल्या मनात त्याचे शब्द एकदा म्हणून पाहिले, आणि सोजरबाईच्या दाराकडे चालू लागली.