कंसातली अवस्था

खोडरबराचा काळपट चुरा बाहीला चिकटला होता आणि तार्या तो झटकत नव्हती. म्हणजे सकाळच्या पेपरात तिनं काहीतरी खोडलं होतं, हे नक्की... पण काय? चूक ते, की बरोबर ते? आम्लाचे आयन — एक हायड्रोजनचा, एक क्लोराइडचा — आणि प्रत्येकापुढे कंसात त्याची अवस्था. पाण्यात विरघळलेला, म्हणून ‘एक्यू’. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण पेन्सिल धरली की हात आपला ‘द्रव’ लिहून मोकळा. हाताचा तरी काय दोष? इस्पितळाच्या तळघरात, लाँड्रीत उमेदीची वर्षं गेली. कॅनमधून ओतायचं ते सगळं द्रवच. आणि ही चादरी धुणारी बाई आता नर्स व्हायला निघाली होती! रसायनात नापास झाली की सप्टेंबरचा प्रवेश गेला. परत खाली, वाफेत.

कॅनडातल्या थंडर बेच्या त्या प्रौढांच्या शाळेत कॉफीच्या यंत्रापाशी शेजारच्या बाकावरची कॉलीन म्हणाली, "अगं, तोंड बघ आरशात! सुतक लागलंय जसं."

"बूड्रो सर कंसामागे अर्धा मार्क कापतात."

"कापू दे. नाक तर नाही ना कापत?"

तार्या हसली. नवरा, वेन, सोडून गेला तेव्हा दारात बूट चढवताना म्हणाला होता, "या वयात शाळा? चार दिवस टिकशील." आणि अजून याच गावात, त्याच दुकानात दूध घ्यायला भेटतो — आयन सुटे झाले तरी पाणी एकच... इतकं सोपं होतं की हे! मग मी खोडलं तरी काय?

तासाला सरांनी पेपर तिच्यापुढे ठेवला. "तार्या, अवस्था सगळ्या बरोबर. पास झालात. पण इतकं घासू नका हो, कागद फाटलाय इथं."

ती थेट गाडीत जाऊन बसली. रडू आलं, रडता रडता भूकही लागली. किती बरं वाटत होतं! आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी — आजारी माणूस, त्याची शीर, आपल्या हातातली सुई. नापास होण्याच्या धास्तीत हा विचार कधी जवळ आलाच नव्हता. लाँड्रीत परत जायची वाट उघडी होती तोवर तो यायचं कारणही नव्हतं. आता खरंच वर, वॉर्डात जावं लागणार... तिला भीती वाटली. पण या भीतीत कुणी तिला नापास करणारं नव्हतं, आणि तिनं ती वाटू दिली.