आवाजवाल्या वर्गाची बाई

तिने पुन्हा खुर्ची मागे सरकवली, खिडकीपर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का?" समोरच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. कार्यालयात सगळे त्याला चाळणी म्हणत. लहान मुलांना वाचन कसं शिकवावं यावरचे अभ्यास तपासायचे आणि टिकतील त्यांवरून शाळांना शिफारस करायची, हे दोघांचं काम. चाळणीतून फार थोडे पार होत. "हा मी पास केलाय. तू सही कर, की सुटलो."

अभ्यास साधा होता. एका वर्गाला अक्षरांचे आवाज जोडत वाचायला शिकवलं, दुसऱ्याला अख्खे शब्द ओळखायला. वर्षअखेरीस आवाजवाला वर्ग कुठल्या कुठे पुढे गेला. शाळेचं नाव वाचताच तिने ओळखलं होतं. आवाजवाल्या वर्गाची बाई म्हणजे तिची आई. आईला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

फोन वाजला. बाबा. आईच्या वर्गाचा अभ्यास तपासायला आलाय, हे काल जेवताना तिच्या तोंडून निसटलं होतं, तेव्हापासून त्यांना दम नव्हता.

"झाली का गं सही? मावशीला सांगून बसलोय मी, हिची पद्धत आता सगळ्या शाळांत जाणार म्हणून."

"बाबा, कामात आहे."

"सहीला काय मुहूर्त लागतो?"

तिने फोन ठेवला. कोणत्या वर्गाला कोणी शिकवलं, हे अभ्यासात कुठेच नव्हतं. तिला मात्र ठाऊक होतं. त्या वर्षी आई घरी येऊन कुरकुरायची, "शेजारच्या पोरांना धड एक बाई टिकत नाही, आणि तुलना म्हणे माझ्याशी!" मग तो फरक पद्धतीचा की आईचा? पद्धत खोटी नव्हती. इतर अभ्यासही तिच्याच बाजूने बोलत होते. पण हा अभ्यास ते सिद्ध करत नव्हता. गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं.

ती उठली. "हा धरता येणार नाही."

"का? दाखव एक भोक."

"आवाजवाल्या वर्गाला वर्षभर एकच बाई. दुसऱ्यावर बायका बदलत होत्या."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. ती बाई माझी आई."

चाळणीने चष्मा काढला. "मग हा तुझ्याकडे यायलाच नको होता."

"साहेबांना तेच सांगायला निघालेय. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, शाळेला विचार."

"चांगलं शिकवायच्या का गं?"

"तोच तर घोळ आहे," ती म्हणाली.

साहेबांच्या दारापाशी फोन पुन्हा वाजला.

"बाबा, सही नाही केली. करणारही नाही."

"म्हणजे हिने केलं ते फुकट?"

"त्या वर्गातली पोरं वाचताहेत, बाबा."

"मावशीला आता तूच सांग," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिने पदराने डोळे पुसले नाहीत, पुसण्यासारखं काही आलंच नव्हतं. दार वाजवलं आणि आत गेली.