दहापैकी दहा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खरं तर कायद्याच्या समाजशास्त्राची परिषद ही काही गर्दी खेचणारी गोष्ट नव्हे. आदल्या दिवशी तारखांवर तारखा का पडतात या विषयावरच्या निबंधाला अठरा श्रोते होते आणि त्यातल्या चौघांचा डोळा लागला होता. पण आज कोर्टाच्या आवारातल्या या सभागृहात वकील, कारकून, पक्षकार, संशोधक सगळे खांद्याला खांदा लावून उभे होते. आज निकालदर्शी येणार होते.

निकालदर्शी म्हणजे बंद पिशवीतली फाइल नुसती हाताळून दावा जिंकलेला की हरलेला हे सांगणारे गृहस्थ. पहिल्या मजल्यावर महिनाभर त्यांचं एक टेबलही सुरू होतं. नवे पक्षकार तिथे जायचे आणि दावा लढावा की सोडावा ते विचारून यायचे. आजचा प्रयोग यशस्वी झाला की टेबल कायमचं होणार होतं.

मागच्या भिंतीला टेकून रेकॉर्डरूमचे दप्तरीकाका उभे होते. निकाल लागलेल्या फायली जपण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. शेवटच्या रांगेत त्यांची थोरली बहीण बसली होती. नवरा गेल्यावर दिराने तिला राहत्या दोन खोल्यांतून बाहेर काढलं होतं, म्हणून तिने दावा लावला होता. गेल्या आठवड्यात ती त्या टेबलावर जाऊन आली होती. “तुमच्या फायलीत ऊब नाही, सोडून द्या,” असं तिला सांगण्यात आलं होतं. भावाने खूप समजावलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की आधी प्रयोग बघते, मग ठरवते.

प्रयोग प्राध्यापकबाईंनी आखला होता आणि बाई कामाला चोख. दहा जुन्या फायली चिठ्ठ्या टाकून निवडल्या, नंबर झाकले, प्रत्येक फाइल खाकी कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड शिवलं. निकालांची यादी बाईंच्या पर्समध्ये आणि पर्स त्यांच्या मांडीवर.

निकालदर्शींनी हात जोडले. “फाइल म्हणजे कागद नव्हे,” ते संथ आवाजात म्हणाले. “त्यात माणसाचं दुःख असतं. दुःखाला ऊब असते. जिंकलेल्याची ऊब वर येते, हरलेल्याची तळाशी बसते.” समोरच्या श्रोत्यांत निम्मे लोक मोजमापातले डॉक्टर होते, पण ही ऊब थर्मामीटरने मोजता येईल का, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांनी पहिली पिशवी घेतली, डोळे मिटले, तळहात फिरवला. जिंकलेला. बाईंनी यादी पाहिली आणि मान डोलावली. दुसरी, हरलेला. बरोबर. सातव्या पिशवीपर्यंत लोक खुर्च्यांवर चढले होते. दहापैकी दहा झाले तेव्हा टाळ्यांनी खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि शेवटच्या रांगेत ताईने पदराने डोळे टिपले.

दप्तरीकाकांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांचं लक्ष निकालदर्शींच्या अंगठ्याकडे होतं. तळहात कुठेही फिरो, अंगठा दर वेळी पिशवीच्या मधोमध येऊन थांबत होता. तिथे आत फायलीच्या दोरीची गाठ होती, आणि ती गाठ काकांनीच मारलेली होती.

ते हादरलेच. जिंकलेल्या दाव्याची फाइल पुन्हा पुन्हा मागायला येतात. कुणाला नक्कल हवी असते, कुणाला ताबा. म्हणून त्या फायलीला काका सुरगाठ मारायचे, एक टोक ओढलं की सुटणारी. हरलेल्याची फाइल सहसा कुणी मागत नाही. तिला निरगाठ. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हाताला पडलेली सवय होती. एकतीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. फाइल न बांधता रेकॉर्डरूमबाहेर जाऊ द्यायची नाही हा नियम, त्यामुळे बाईंना दिलेल्या दहाही फायली त्यांनी आपल्या हाताने बांधूनच दिल्या होत्या. आणि आता त्यांना तो चेहराही आठवला. हा माणूस पूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात अर्ज लिहून द्यायचा. नकला घ्यायला तासन्‌तास खिडकीशी उभा राहायचा आणि काकांचे हात बघत बसायचा.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्राध्यापकबाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा पडला, पण त्या प्रामाणिक होत्या. “म्हणजे आम्ही सगळं झाकलं आणि उत्तर दोरीने बांधून दिलं,” त्या म्हणाल्या. दुपारी पुन्हा प्रयोग करायचं ठरलं. नव्या दहा फायली, पाच जिंकलेल्या, पाच हरलेल्या. फक्त या वेळी काकांनी गाठी उलट मारायच्या.

ताईला आधी सांगावं असं काकांच्या मनात एकदा आलं. पण नुसत्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार नाही, आधी सिद्ध करू, मग डोळ्यांनीच दाखवू, असा विचार करून ते फायली आणायला गेले. शिकल्यासवरल्या माणसासारखा विचार केला आणि तिथेच चुकले.

दुपारी निकालदर्शी खुशीत आले. पुन्हा ऊब, पुन्हा तळहात, पुन्हा अंगठा. पहिली जिंकलेली म्हणाले, ती हरलेली निघाली. दुसरी चुकली, तिसरी चुकली. पाचव्या पिशवीपासून त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. दहापैकी दहा चूक. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी पाचेक बरोबर आली असती.

मग काका व्यासपीठावर गेले. पिशव्या उसवून दोन फायली वर धरल्या, एकीची दोरी एका ओढीत सोडली, दुसरीची सुटेना. आपली सवय सांगितली. बोलताना त्यांची नजर शेवटच्या रांगेत ताईला शोधत होती. तिची खुर्ची रिकामी होती.

सभागृहात काय झालं म्हणता? फारसं काही झालं नाही. निकालदर्शी म्हणाले की संशयी माणसांच्या गर्दीत ऊब उलटते. एका वकिलाने लगेच त्यांची बाजू घेतली. संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक उठून म्हणाले की दहाही उत्तरं उलट येणं हेदेखील विलक्षण आहे, यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. प्राध्यापकबाई एकट्याच टेबल बंद करा म्हणत राहिल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, दोन्ही बाजूंचे आभार मानले आणि चहाला चला म्हणाले.

ताई काकांना कोर्टाच्या जिन्यात भेटली. हातात पाण्याची बाटली, चेहरा शांत.

“केली सही,” ती म्हणाली. “दुपारी कोर्ट बसल्या बसल्या दावा सोडत असल्याचा अर्ज दिला. साहेबांनी दावा काढून टाकला.”

काका तिथेच पायरीवर बसले. असा सोडलेला दावा पुन्हा लावता येत नाही, हे त्यांना तिला सांगवेना. त्यांनी तिला गाठींची हकीकत सांगितली, सगळी, अगदी सावकाश.

तिने ती नीट ऐकून घेतली. “मग माझ्या फायलीला कुठली गाठ होती रे?”

“कुठलीच नाही, ताई. चालू दाव्याला मी गाठ मारतच नाही. तो माझ्याकडे येतच नाही. तुझ्यापाशी त्याच्या अंगठ्याला काहीच लागलं नसणार. त्याने तुझ्या चेहऱ्यावरची भीती वाचली.”

“भीती तर खरीच होती,” ती म्हणाली आणि शेजारी बसली.

आठवड्याने तिची फाइल रीतसर रेकॉर्डरूममध्ये आली. काकांनी ती बांधली. आता ते सगळ्याच फायलींना एकच गाठ मारतात, पण पहिल्या मजल्यावरचं टेबल सुरूच आहे. परिषदेच्या अहवालात दुपारचा प्रयोग तळटीपेत गेला. जुन्या फायली आता कुणी त्या गृहस्थांपुढे ठेवत नाही, आणि नव्या दाव्यांत त्यांचं ‘सोडून द्या’ चुकलं की बरोबर ठरलं हे कळायचा मार्गच नाही, कारण त्यांचं ऐकून लोक दावाच सोडून देतात.

खिडकीशी कुणी आलं की काका त्याला थांबवून सांगतात. परवा एक बाई आल्या होत्या, त्यांनाही सांगितलं. “बाई, जो निकाल लागून गेलाय तो ओळखून दाखवणाऱ्याच्या भरवशावर, जो अजून लागायचाय तो दावा सोडू नका. त्याला कळलं कसं, एवढं विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या. आणि तपासून होईपर्यंत कशावरही सही करू नका.”

बाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, दोनदा मान हलवली. मग हळूच विचारलं, “ते टेबल जिन्याच्या डावीकडे ना?”

काकांनी चष्मा काढून पुसला, खिडकीबाहेरचं स्टूल पुढे ओढून बाईंना बसायला सांगितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.