खंडेनवमीचा हार

जोतीरामनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा लाल आकडा मोठ्यानं वाचला.

“ब्याण्णव!”

“वाचत राहा, आबा,” टेबलफॅन ओढत आणताना राजनंदिनी म्हणाली. “शंभरला गेलं की मशीन बंद पडतं. मग सकाळपासूनचं सगळं पाण्यात.”

म्हाप्याच्या एका ॲनिमेशन कंपनीनं नोकरीआधीची चाचणी म्हणून तिला दोन मिनिटांची फिल्म करायला दिली होती. ती आज दुपारी दोनच्या आत पोचवायची होती. साडेअकरा होऊन गेले, तरी संगणकातून निम्मीही बाहेर पडली नव्हती. तापला की तो आपणहून मंद चालायचा.

जोतीरामला हे काम कधी कामच वाटलं नव्हतं. तीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी पाठीवर वाहिलेला माणूस तो! पोरगी खुर्चीत बसून काय दिवे लावणार, असं तो कोपरखैरण्यातल्या सगळ्या सोसायटीला ऐकवायचा. दर खंडेनवमीला तो आपला गोणी ओढायचा लोखंडी हूक पुजायचा. यंदा मात्र कुणी न सांगता त्यानं पहाटे मार्केटातून झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला आणि टेबलाखालच्या संगणकाच्या काळ्या डब्याला हळदकुंकू लावून पुढून चांगला दुहेरी घातला.

“चौऱ्याण्णव!”

राजनंदिनीचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, तरी तिचं बोलणं आत ऐकू येत होतं.

“सर, एखादा तास वाढवून मिळेल का?... नाही, खराब नाही झालं. हवा आत घ्यायची जाळी झाकली गेलीय... हो सर, कळतंय. पण आज ती मोकळी नाही करता येणार.”

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे.

“बरं सर. दोन म्हणजे दोन.”

जोतीराम गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकला. झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन जाळीला गच्च चिकटल्या होत्या. अरे देवा, हे तर आपणच करून ठेवलंय! त्यानं घाईघाईनं हार सोडवला आणि नखानं एकेक पाकळी खरवडून काढली.

राजनंदिनी दारात येऊन उभी राहिली. दोघंही आकड्याकडे बघत राहिले. नव्वद. त्र्याऐंशी. पंचाहत्तर.

“तुला सकाळीच ठावं व्हतं?”

“हो.”

“मग काढून टाकायचा की! नोकरी गेली असती, येडे!”

“तीन वर्षांत पहिल्यांदा तुमी याला हात लावलात, आबा. काढायला मन होईना.”

जोतीरामचे डोळे भरून आले. धोतराच्या सोग्यानं ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही.

“कंपनीचा पत्ता दे,” तो म्हणाला. “उशीर झालाच तर मी जातो. चूक पोरीची न्हाय, बापाची हाय, म्हणून सांगतो साहेबाला.”

आणि तो खरोखरच पायात चपला सरकवू लागला.